प्रसूतिपश्चात रक्तस्राव आणि परिचर्या

बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत अंगावरून ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेले, तर त्याला प्राथमिक प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणतात. सिझेरियनमध्ये ही मर्यादा १,००० मिलिलिटर धरण्याचा प्रघात आहे. २४ तासांनंतर, पुढच्या काही आठवड्यांत होतो तो दुय्यम. भारतात २००१–०३ या काळातील मातामृत्यूंच्या पाहणीत ३८ टक्के मृत्यूंचे कारण रक्तस्राव हे होते. त्यानंतर मातामृत्यूचे प्रमाण पुष्कळ खाली आले. २०१८–२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ते देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. तरीही रक्तस्राव हे मातामृत्यूचे एक मुख्य कारण आहेच, आणि त्यातले बरेचसे मृत्यू टाळता येण्याजोगे असतात.

दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. वार सुटली की तिच्या जागेवरच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. भोवतीचे स्नायू आवळले म्हणजे त्या चिमटल्या जाऊन रक्त थांबते. स्नायू आवळले नाहीत, म्हणजे प्रसूतिगृहातल्या भाषेत पिशवी ढिली पडली, तर काही मिनिटांतच बाई धोक्यात येते. दहापैकी सुमारे सात वेळा कारण हेच असते. बाकीच्या वेळी योनिमार्ग किंवा गर्भाशयमुख फाटलेले असते, वारेचा तुकडा आत राहिलेला असतो किंवा रक्त गोठत नसते. जुळी, लांबलेल्या कळा, गर्भजल जास्त असणे, आधीच्या खेपेला झालेला रक्तस्राव यांमुळे धोका वाढतो. पण यांतले काहीही नसलेल्या कितीतरी बायकांना रक्तस्राव होतो, म्हणून ‘नॉर्मल केस’ समजून कोणालाही नजरेआड करता येत नाही.

गरोदरपणात अंगातले रक्त वाढलेले असते. त्यामुळे बरेच रक्त जाऊनही रक्तदाब टिकून राहतो आणि नाडी आधी वाढते. नाडीच्या आकड्याला वरच्या रक्तदाबाने भागून ०.९ पेक्षा जास्त उत्तर आले, तर रक्तदाब ‘ठीक’ दिसत असला तरी सावध व्हावे. मुळात रक्त कमी असलेल्या बाईला तर एवढीही सवड मिळत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. रक्तस्रावाविरुद्धची तयारी म्हणूनच लोहाच्या गोळ्यांपासून सुरू होते.

या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित राहिलेले काम म्हणजे गेलेले रक्त मोजणे. चादरीत, कापसात मुरलेले रक्त नजरेने जोखले तर अंदाज कमीच येतो. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासात नजरेचा अंदाज मोजमापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. तिथे वापरलेले साधन साधेच होते : कमरेखाली पसरायचे प्लास्टिक आणि त्याच्या टोकाला खुणा केलेली पिशवी. बाळ बाहेर आले, गर्भजल निघून गेले की ते लगेच सरकवतात आणि पुढे पिशवीवरचा आकडा वाचत राहतात. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांमध्ये अशी पिशवी आणि उपचारांचा ठरलेला संच एकत्र वापरून पाहिला गेला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रक्तस्राव वेळीच ओळखण्याचे प्रमाण ५१ वरून ९३ टक्क्यांवर गेले, आणि गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ ऐवजी १.६ टक्के राहिले. नवीन औषध यात एकही नव्हते. प्रसूतिगृहात महागडे यंत्र येण्याआधी ही पिशवी यायला हवी, असे या आकड्यांवरून ठामपणे म्हणता येते.

प्रतिबंधाचे मुख्य औषध ऑक्सिटोसिन. बाळ बाहेर येताच, आत दुसरे बाळ नाही याची खात्री करून, १० युनिट स्नायूत देतात. ते २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते, नाहीतर त्याची ताकद जाते. जिथे शीतपेटी किंवा सुई देणारे कोणी नाही, तिथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या उपयोगी पडतात. बेळगाव जिल्ह्यातच गावपातळीवरच्या एएनएमनी (साहाय्यक परिचारिका-प्रसाविकांनी) १,६२० बाळंतपणांत केलेल्या चाचणीत (२००६) या गोळ्यांनी रक्तस्रावाचे प्रमाण १२ वरून ६.४ टक्क्यांवर आले.

वार पडल्यावर सिस्टर ती पालथी-उलथी करून पाहते, एखादा भाग तुटून आत राहिलेला नाही ना हे तपासते. मग पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भपिशवी चाचपायची. ती बेंबीच्या आसपास, चेंडूसारखी टणक लागली पाहिजे. मऊ लागली तर चोळून कडक करायची. वर आणि एका बाजूला सरकलेली असेल तर लघवी तुंबलेली असते, आधी ती काढायची. पिशवी कडक आहे आणि तरी लालभडक धार चालू आहे, तर कुठेतरी फाटले आहे असे समजावे. रक्त बाहेर फारसे नाही, पण टाक्यांच्या जागी असह्य ठणका आणि वाढती नाडी, ही आत रक्त साकळल्याची खूण. या तक्रारीला ‘टाके दुखणारच’ असे उत्तर देणे घातक ठरू शकते.

रक्तस्राव सुरू होताच मदतीला हाक मारून सगळे एकदम करतात : पिशवी चोळणे, ऑक्सिटोसिन, शिरेतून सलाइन, ट्रानेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम, आणि कुठे फाटले आहे का याची तपासणी. ट्रानेक्सॅमिक ॲसिड पहिल्या तीन तासांतच लाभते. गर्भाशय आवळणाऱ्या इतर औषधांपैकी रक्तदाब वाढलेल्या बाईला मिथर्जिन आणि दमा असलेलीला कार्बोप्रोस्ट देत नाहीत. घाईगर्दीत ही आठवण डॉक्टरांना करून देणे हे परिचारिकेचे काम आहे, आगाऊपणा नव्हे. एवढ्याने भागले नाही तर गर्भाशयात फुगा भरून दाब देतात. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी निरोध आणि कॅथेटर जोडून तो अल्पखर्चात बनवला. शेवटचा उपाय शस्त्रक्रियेचा.

घरी जाताना बाळंतिणीला आणि तिच्या सासूला किंवा आईलाही सांगायचे, की तासाभरात पॅड भिजले, मोठ्या गाठी पडल्या, घाण वास किंवा ताप आला तर सव्वा महिन्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा. मोठ्या रक्तस्रावात मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला इजा होऊ शकते. हॅरल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये तिचे वर्णन केले. अशा बाईला दूध येत नाही, पाळी परतत नाही, थकवा जात नाही, आणि निदान कधीकधी कित्येक वर्षांनी होते. म्हणून किती रक्त गेले ते डिस्चार्ज कार्डावर आकड्यात लिहावे आणि ते कार्ड जपून ठेवायला सांगावे.