रनिंग-इनची मुदत

नवे इंजिन काही शे मैल जपून चालविल्याशिवाय त्याची खरी शक्ती प्रकट होत नाही, ही समजूत जालना जिल्ह्याच्या मोंढ्यांत, मळ्यांत आणि मिस्त्रींच्या कारखान्यांत गेली कित्येक दशके एखाद्या कायद्याइतकी दृढ होऊन बसली आहे. परंतु हा कायदा जन्मास कसा आला आणि आज त्याचा अंमल कितपत उरला आहे, याचा निवाडा करावयाचा तर या मुलखात यंत्र कसे आले, तेथूनच आरंभ करावा लागतो.

निजामाच्या अमदानीत जालना हा औरंगाबाद सुभ्यातील तालुका, कापसाच्या आणि धान्याच्या व्यापाराने गजबजलेला. आणि मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा मीटरगेज लोहमार्ग 1900 च्या सुमारास त्याच्या अंगणातून गेल्यावर येथील जिनिंग-प्रेसिंगच्या धंद्याला यंत्राची ओढ लागली, यात नवल नाही. 1932 साली निजामाच्या रेल्वेने रस्तावाहतुकीचे खाते उघडून स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या 27 बसगाड्यांनी कारभार सुरू केला. 1933 साली साताऱ्यास कूपर यांच्या कारखान्यात देशी डिझेल इंजिन तयार झाले, आणि 1946 साली पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. इंग्रजी मुलखातून निजामी हद्दीत येणाऱ्या मालावर, म्हणजे यंत्रांच्या सुट्या भागांवरही, करोडगिरी नावाची जकात भरावी लागत असे. त्यामुळे एखादा पिस्टन चिकटला किंवा बेअरिंग उडाले, तर मालकाचे पैसे आणि हंगाम दोन्ही बुडत. अशा परिस्थितीत नव्या इंजिनाला पहिले काही दिवस हलक्या हाताने चालविणे यात शास्त्राइतकाच व्यवहारही होता.

शास्त्र मात्र निराधार नव्हते. सिलिंडरची भिंत डोळ्यांना आरशासारखी भासली, तरी तिच्यावर हत्याराने उमटविलेल्या बारीक रेघांचे जाळे असते. त्या रेघांच्या खोबणीत तेल टिकते आणि त्यांची शिखरे पिस्टनवरील रिंगांशी घासून झिजतात. रिंगेच्या मागे जळत्या वायूचा दाब शिरतो, तो तिला भिंतीवर रेटतो, आणि अशा रेट्याखाली दोघींची गाठ जुळली, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत रिंगा ‘बसल्या’. जुन्या काळी ही शिखरे कारखान्यात पुरती झिजविण्याची सोय नसे. ते उरलेले काम रस्त्यावर, गिऱ्हाइकाच्या खर्चाने, पुरे व्हावयाचे. म्हणूनच इंग्लंडमधील अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत पहिल्या 500 मैलांपुरती वेगमर्यादा छापलेली असे, आणि नव्या गाडीच्या मागील काचेवर ‘रनिंग-इन’ची चिठ्ठी चिकटे. पहिले तेल सोडताना त्यात चमकणारे लोखंडाचे कण म्हणजे त्या झिजेचा पुरावाच.

विहिरीवरच्या ऑइल इंजिनाने ही गोष्ट शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय शिकविली. नवे इंजिन हँडल मारून चालू करताना दाब मोकळा करणारी खिट्टी उचलून ठेवली, तरी चाक जड फिरे. काही आठवड्यांनी तेच हँडल हलके लागे आणि इंजिन बंद केल्यावर जडचाक पूर्वीपेक्षा अधिक काळ फिरत राही. उलट, खिट्टी सोडल्यावर मात्र हँडलला पहिल्यापेक्षा अधिक विरोध होई. घर्षण घटले म्हणून चाक हलके झाले आणि रिंगा बसून दाब टिकू लागला म्हणून विरोध वाढला, अशी ही एकाच सुधारणेची दोन लक्षणे होत. आणि थारोळ्यात पडणाऱ्या पाण्यावर नजर ठेवणाऱ्या मळेकऱ्याला ती समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

तथापि, वाढ किती? सिलिंडरमध्ये निर्माण होणाऱ्या शक्तीपैकी सुमारे 15 ते 20 टक्के भाग पूर्ण भारावरही घर्षणादिकांत खर्च होतो. त्यात दहावा हिस्सा वाचला, तर बाहेर मिळणाऱ्या शक्तीत ढोबळ हिशेबाने दोन टक्क्यांच्या आसपास भर पडेल. इतका फरक मापनयंत्रावर दिसतो, चालकाच्या पायाला क्वचितच कळतो. चालकाची जी खात्री होई, तिला दुसरे कारण होते: मुदत संपल्यावर तो प्रथमच ॲक्सिलरेटर पुरता दाबत असे. रशियात तर काही गाड्यांच्या कार्ब्युरेटरखाली मुदतीपुरती अडथळ्याची चकती मोहोर लावून बसवीत. ती काढल्यावर गाडी जोरात पळू लागली, तर त्याचे श्रेय रिंगांना देता येत नाही.

निजामी राजवट गेली, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1961 साली येथील सरकारी बसगाड्या राज्याच्या एस.टी.त विलीन झाल्या, आणि 1 मे 1981 रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. या अवधीत यंत्रकलाही बदलली. आता कारखान्यातच भिंतीच्या रेघांची शिखरे कापून पठारे केली जातात, खोबणी तेवढ्या तेलासाठी राखल्या जातात; म्हणून पूर्वी शेकडो मैल घेणारे काम बहुतांशी आधीच उरकलेले असते. तरीही युरोपच्या धूरतपासणीच्या नियमांत गाडी आधी किमान 3,000 किलोमीटर चाललेली असावी, अशी अट घातली गेली. कारण उरलेली थोडी झीज मापनात लुडबूड करते, हे नियमकर्त्यांना ठाऊक होते.

आजही ट्रॅक्टरचे इंजिन बोअर करून नव्या रिंगांनी बांधले, म्हणजे मिस्त्री मालकाला लगेच खोल नांगरटीला जुंपू देत नाही, आणि ते योग्यच आहे. पण नुसते रिकामे घुरघुरत ठेवले, तर रिंगांवर दाब येत नाही, जळलेल्या तेलाचा गुळगुळीत थर भिंतीवर चढतो आणि इंजिन जन्मभर तेल पिते. मध्यम भार, बदलता वेग आणि तेल लवकर बदलणे, एवढेच त्या जुन्या कायद्याचे टिकाऊ कलम आहे. नव्या मोटारीच्या मालकाने शक्ती वाढेल या आशेने मुदत पाळू नये. इंजिनाचे आयुष्य वाढावे म्हणून पाळावी, आणि दोन टक्के पदरात पडले, तर ती वरकड जमा समजावी.