अटाकामाचे ऊन : एका विभागणीचा इतिहास

मराठीतील 'ऊन' हा शब्द संस्कृत 'उष्ण' या शब्दापासून आलेला आहे. सूर्याचा प्रकाश आणि त्याची उष्णता या दोहोंचा त्यात समावेश होतो. आपण 'ऊन पडले' असे म्हणतो, तसेच 'ऊन पाणी' असेही म्हणतो. भाषेने एकत्र ठेवलेल्या या दोन अर्थांची यंत्रविद्येने मात्र फारकत केली. चिलीतील अटाकामा वाळवंटात ते पुन्हा कसे एकत्र आले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

उष्णतेची परंपरा तेथे जुनी आहे. १८७२ साली चार्ल्स विल्सन या अभियंत्याने लास सालिनास येथे काचेच्या छताखाली खारे पाणी उन्हाने तापवून गोडे पाणी मिळविण्याची मोठी व्यवस्था उभारली. खाणवस्तीची तहान भागविणे हा तिचा हेतू होता. प्रकाशाची परंपरा त्यामानाने अर्वाचीन होय. प्रकाशाचे थेट विजेत रूपांतर करणारा सिलिकॉनचा व्यवहार्य विद्युत्घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली सिद्ध झाला.

२०१० नंतरच्या दशकात या घटांच्या किमती झपाट्याने उतरल्या आणि उष्णतेचा मार्ग कालबाह्य झाला, असे अनेकांस वाटू लागले. परंतु घटांची वीज उन्हाबरोबरच मावळते आणि तांब्याच्या खाणी तर अहोरात्र चालतात. २०१६ साली उत्तर चिलीच्या काही भागांत दिवसा विजेचा बाजारभाव शून्यापर्यंत आला. त्यामुळे मूळ प्रश्न किमतीचा नसून वेळेचा आहे, हे स्पष्ट झाले.

मारिया एलेनानजीकचे सेरो दोमिनादोर केंद्र हे या प्रश्नाचे एक उत्तर आहे. २०१४ साली आरंभिलेले त्याचे काम मध्यंतरी आर्थिक अडचणीमुळे थांबले, व २०२१ साली केंद्राचे उद्घाटन झाले. तेथे १०० मेगॅवॉटचे विद्युत्घट दिवसाचा भार उचलतात. शेजारीच १०,६०० आरसे सुमारे २५० मीटर उंच मनोऱ्यावर ऊन एकवटतात आणि त्यायोगे वितळलेले क्षार सुमारे ५६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. साठविलेल्या या उष्णतेवर वाफ करून ११० मेगॅवॉटचे जनित्र सूर्यास्तानंतरही साडेसतरा तास चालविता येते. हे क्षार म्हणजे सोडियम व पोटॅशियम यांचे नायट्रेट, अर्थात सोराच होय. ज्या सोऱ्याच्या स्वामित्वावरून १८७९ ते १८८३ या काळात याच वाळवंटात युद्ध पेटले, तोच आता तेथे रात्रीसाठी उष्णता सांभाळतो.

हा संयोग निर्दोष आहे, असे मात्र नव्हे. अमेरिकेतील नेवाडा राज्यात क्रेसेंट ड्यून्स येथील मनोरा-केंद्र क्षारांच्या टाकीला गळती लागल्याने २०१६ साली अनेक महिने बंद पडले होते. तरीही एक निष्कर्ष काढावयास हरकत नाही. नवे तंत्र आले म्हणजे जुने हटलेच पाहिजे, हा समज अटाकामात खरा ठरला नाही. तेथे प्रकाशाकडे दिवस आला आणि उष्णतेकडे रात्र. तंत्राचे मोल ठरविताना ते किती स्वस्त आहे, याबरोबरच ते कोणत्या प्रहरी उपयोगी पडते, हेही इतिहासकाराने विचारले पाहिजे.