भोवत्या पक्षी संध्याकाळीच का मोजतात?

जॉर्जियातल्या बातुमीजवळ दर शरद ऋतूत 10 लाखांहून जास्त शिकारी पक्षी समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून दक्षिणेकडे जातात. ठरलेल्या जागी उभं राहायचं आणि मोजायचं. धाराशिवच्या माळरानावर असा पट्टाच नाही. युरोप आणि मध्य आशियातून हिवाळ्यात येणारा भोवत्या दिवसभर एकेकटा, जमिनीलगत उडत टोळ, उंदीर, चंडोल शोधत फिरतो.

मोजणी जमते ती त्याच्या मुक्कामावर. शिकारी पक्षी असूनही तो झाडावर नाही, गवतात जमिनीवर थव्याने झोपतो. सूर्यास्ताच्या तासभर आधी निरीक्षक लांबच्या मनोऱ्यावर किंवा उंचवट्यावर बसतात आणि दिशा वाटून घेतात. खरी गोची इथे होते. उतरलेले पक्षी पुन्हा उडतात, जागा बदलतात आणि दोनदा मोजले जातात. म्हणून फक्त बाहेरून येणारेच धरायचे. राखाडी नर ओळखू येतो. पण माँटेग्यूचा आणि पांढुरका या दोन जातींच्या तपकिरी माद्या अंधुक उजेडात सारख्याच दिसतात. त्या एकत्र नोंदवणंच प्रामाणिक.

बंगळुरूच्या 'एट्री' संस्थेच्या संशोधकांनी देशभरातल्या मुक्कामांच्या सुमारे 30 वर्षांच्या नोंदी 2018 मध्ये एकत्र मांडल्या, तेव्हा संख्या घटत असल्याचं दिसलं. कागदावर 'पडीक' असलेला माळ नांगरला, पेटवला किंवा झाडं लावून 'हिरवा' केला, की झोपायची जागाच जाते.