धूर की थंडी?

दातांच्या डॉक्टरकडे गेलं की आधी चार पानी फॉर्म भरायचा. मग इन्शुरन्सचं कार्ड द्यायचं, त्याची पुढून-मागून झेरॉक्स निघते, आणि काचेपलीकडची बाई आपलं आडनाव असं काही उच्चारते की ते आपलंच आहे हे कळायला दोन सेकंद लागतात. "हाउ आर यू?" विचारून उत्तर यायच्या आत तिची मान पुन्हा कॉम्प्युटरकडे वळलेली असते. मग अर्धा तास बसा. गेल्या हिवाळ्यात अशाच एका वेटिंग रूममध्ये जुनी मासिकं चाळताना मला एकदम कार्पेंटरबाई आठवल्या.

थिओडिशिया कार्पेंटर, मुक्काम रोझेल, न्यू जर्सी. १८८० साली या बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. वेळ जावा म्हणून त्यांनी 'मिशनरी रिव्ह्यू'चा जुना अंक उचलला. त्यात कोल्हापूरच्या गोपाळराव जोशी नावाच्या पोस्टातल्या कारकुनाचं १८७८ सालचं पत्र छापलं होतं. बायकोला शिकवायचं आहे, अमेरिकेत काही सोय होईल का, अशी त्यात विचारणा होती. संपादक वाइल्डर यांनी उत्तरादाखल ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला होता. कार्पेंटरबाईंना मात्र त्या बायकोबद्दल वाटलं, आणि त्यांनी सरळ पत्र घातलं. आनंदीबाई जोशी अमेरिकेत आल्या त्याची सुरुवात ही अशी, एका दुखऱ्या दाढेपासून!

आपल्या मंडळाच्या पॉटलकला जेवणं झाली की पुरुषमंडळी एका कोपऱ्यात जमतात आणि अमेरिकेची गाऱ्हाणी सुरू होतात. फुटपाथ नाहीत, दूध आणायलाही गाडी काढावी लागते. तीन वर्षं शेजारी राहून शेजाऱ्याचं नाव माहीत नाही. हॉस्पिटलचं बिल नेमकं कशाचं हे हॉस्पिटललाही सांगता येत नाही. रविवारी सकाळी दारात कोणीतरी हसतमुखाने आपला उद्धार करायला उभं. मीही त्यात हिरिरीने भाग घेतो, उगाच साळसूदपणा कशाला! पण हे सगळं आपल्या पिढीच्या वाट्याला आलेलं आहे असा माझा समज होता. तो दूर झाला या जोशी मंडळींबद्दल वाचायला लागल्यावर.

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. सोबत नवरा नाही, घरचं कोणी नाही. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरच्या, सभेत त्यांनी सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. हे बोलायला सोपं, पण रोज निभवायचं म्हणजे काय? फिलाडेल्फियाच्या थंडीत शाकाहारी राहायचं. (आपल्याला निदान फ्रोझन पराठे मिळतात.) नऊवारीत कंबर आणि पाय उघडे पडतात म्हणून गुजराती पद्धतीची साडी नेसायची, पण साडी सोडायची नाही. आणि नवऱ्याची पत्रं यायची तीही धाक घालणारी.

कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. रोझेलला असताना त्यांनी एकदा मावशीला आणि तिच्या मैत्रिणींना साड्या नेसवून आपल्याकडचं जेवण घातलं होतं. शेजाऱ्याचं नाव माहीत नसणाऱ्या माझ्यासारख्याने यावर काय बोलावं!

फिलाडेल्फियात त्यांचं कॉलेज म्हणजे 'वुमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया', स्थापना १८५०. डीन रेचेल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली. अडचण आली ती राहायच्या खोलीची. तिथली शेगडी धड नव्हती. पेटवली की खोलीभर धूर, विझवली की हाडं गोठवणारी थंडी. दोनच पर्याय, धूर की थंडी.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. कारण माझा इथला दुसरा हिवाळा मला आठवला. मुलगी सात महिन्यांची होती. अपार्टमेंटच्या हीटरमधून जळकट वास यायचा, म्हणून तो बंद करून आम्ही तिघं एका खोलीत तीन रजया घेऊन झोपायचो. आणि मी मॅनेजरकडे तक्रार करायला अकरा दिवस लावले! का? नोकरी नवी, व्हिसा कंपनीच्या हातात, उच्चाराला लोक हसतील ही धास्ती. कुठे बोभाटा करा? त्याच अकरा दिवसांत पॉटलकमध्ये मी अमेरिकन संस्कृतीवर तावातावाने बोललो होतो. आईचा फोन आला तेव्हा "सगळं मस्त चाललंय" म्हणून सांगितलं. मुलीचा खोकला महिनाभर गेला नाही.

आनंदीबाईंना क्षय झाला. तो धुराने झाला असं म्हणणं सोपं आहे, पण बरोबर नाही. क्षय जंतूने होतो आणि तो जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये, म्हणजे त्या बोटीत बसण्याच्या एकच वर्ष आधी, शोधला होता. त्यावर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडलं. ते सापडलं रटगर्समध्ये, रोझेलपासून गाडीने तासाभराच्या आतल्या अंतरावर. पण थंडी, धूर आणि अपुरं खाणं यांनी त्या शरीराला साथ दिली नाही एवढं म्हणायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

गोपाळराव १८८५ साली इकडे आले. आपल्या कोपऱ्यातल्या पुरुषमंडळींचे ते मूळपुरुष! गावोगावी भाषणं देत त्यांनी पाश्चात्त्य संस्कृतीवर आणि मिशनऱ्यांवर झोड उठवली. ज्यांच्या आधारावर बायको शिकत होती ते लोक अवघडून गेले. पुढे १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनच्या चहापानाला टिळक-रानड्यांसारख्यांना बोलावून, मग ती नावं जगजाहीर करणारे गोपाळराव ते हेच. त्यांचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं. पण बायकोच्या खोलीतला धूर त्यांच्या व्याख्यानांनी कमी होणार नव्हता.

पंडिता रमाबाईंची तऱ्हा निराळी. आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी त्या इंग्लंडहून मुद्दाम आल्या. तो दिवस ११ मार्च १८८६. दोन-तीन महिन्यांसाठी म्हणून आलेल्या बाई जवळजवळ तीन वर्षं राहिल्या, आणि १८८९ साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केलं. त्यात अमेरिकेचं कौतुक भरपूर आहे, स्त्रियांच्या संघटनांचं तर फारच. पण मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय आणि काळ्या लोकांबद्दलची शिवाशिव त्यांनी झाकली नाही. बायकांच्या घट्ट कॉर्सेटवर आणि टोपीत खोवायला पक्षी मारण्याच्या फॅशनवरही त्यांनी टीका केली. तक्रार करायची तर पुरावा मांडून करायची, बग रिपोर्टसारखी. नुसत्या "चालत नाही"ला आमच्या धंद्यात किंमत नाही. आणि इथे उभ्या केलेल्या मदतीतून, पदवीदानाला बरोबर तीन वर्षं झाली त्या ११ मार्च १८८९ला, त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं.

आनंदीबाईंना मात्र वेळ मिळाला नाही. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधली नेमणूक हातात होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात वारल्या. बावीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरमावशीकडे पाठवल्या.

त्या आहेत न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला, हडसनकाठच्या दफनभूमीत, कार्पेंटरांच्या नातलगांच्या जागेत. मेनफ्रेमच्या कामासाठी माझ्या पोकीप्सीला अनेक खेपा झाल्या होत्या, तरी मला हे माहीत नव्हतं. मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघं मुद्दाम गेलो. साधाच दगड आहे. आडनावाचं स्पेलिंग शेवटी दोन 'ई' लावून केलेलं, त्या काळच्या रीतीप्रमाणे. मुलीने मोठ्याने वाचलं, "जॉऽशी". बायको म्हणाली, "जॉशी नाही गं, जोशी." तिने पुन्हा म्हटलं, मग स्वतःच्या वयातून हिशेब करून विचारलं, "माझ्याहून बारा वर्षांनीच मोठी होती? एकटी आली?"

वारा सुटला होता. गाडीत बसल्यावर हीटर लावला, तेवढ्यात आईचा फोन आला. थंडी कशी आहे म्हणून विचारत होती. "फार आहे," मी म्हणालो.