समिती येतेय!

शेवगाव तालुक्यातल्या ग्रामपंचायतीत "समिती येतेय" अशी वार्ता आली की सगळ्यात आधी चुना येतो. मग रांगोळी, फेटे, नारळ, शाल. शाळेच्या पोरांना धुतलेले गणवेश. गावचा कारभार बाहेरच्या माणसानं येऊन तपासायचा ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे, की तिचं कूळ कुणी विचारत नाही.

ते थेट पेशवाईत सापडतं. मामलेदाराच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस असे दरखदार असत. काम मामलेदाराच्या हाताखाली, पण त्यांना काढून टाकण्याचा अधिकार त्याला नव्हता. घरातच बसवलेली बाहेरची नजर! हिशेब त्यांच्या हाताखालून जायचा आणि मग पुण्याच्या हुजूर दफ्तरात. युक्ती नामी होती. पण दरख, म्हणजे दरखदाराचं पद, बापाकडून मुलाकडे जाऊ लागली आणि तपासणारा नि तपासला जाणारा एकाच पंगतीला बसले. आज त्यातली बरीचशी पदं आडनावं होऊन उरली आहेत.

इंग्रजी अमदानीनं कागद धरला. 1930 साली मुंबई इलाख्यात स्थानिक निधीच्या लेखापरीक्षेचा कायदा झाला. ही लेखापरीक्षा करणाऱ्या खात्याची माणसं पावती आहे का, ठराव आहे का हे बघतात. 'आक्षेप' काढतात आणि ते वर्षानुवर्षं फाइलीत लोंबकळतात. पावती नीट जोडलेली असली की तुंबलेली गटारही निर्दोष ठरते. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, त्यांच्यावर विधिमंडळाची पंचायत राज समिती आली. आमदार जिल्ह्यात उतरले की अधिकाऱ्यांची झोप उडते. पण ही झाली वरून खाली येणारी नजर.

तपासणारे कागदावरून गल्लीत उतरले ते 2000-01 मध्ये. ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. गुण देणारे बाहेरून येत आणि रजिस्टर बाजूला ठेवून संडास, उकिरडे, पाणवठे बघत. त्यांत स्वतः गाव चालवलेला कुणी असला, तर त्याला कालच रंगवलेली भिंत कुठली ते वासावरून कळतं. इंग्लंडातल्या नगरपालिका 2011 पासून दुसऱ्या पालिकेचे नगरसेवक नि अधिकारी स्वतःहून बोलावून कारभार तपासून घेतात. फरक एवढाच की तिथं क्रमांक लावायचा नसतो. आपल्याकडे बक्षीस आलं, त्याच्यामागून चुना आला.

आणि नाव कुणाचं? गाडगेबाबा गावात येत तेच हातात खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडायचं, रात्री कीर्तनात त्याच गावाला खडे सवाल करायचे. पूर्वसूचना नाही, सत्कार नाही. त्यांच्या नावाच्या तपासणीला मात्र तारीख कळवून जायची प्रथा पडली, हे मला नेहमी खटकतं.

पुढे 2016 मध्ये केंद्राचं स्वच्छ सर्वेक्षण 73 शहरांपासून सुरू झालं आणि मग छोट्या नगरपालिकांपर्यंत पोचलं. शेवगावातही आता ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली आहे. बाहेरचे येतात, फोटो काढतात, गुण मांडतात.

पण सगळ्यात जवळचा बाहेरचा माणूस म्हणजे कर भरणारा. त्याच्या हाती माहितीचा अधिकार आहे, आणि त्या अधिकाराच्या लढ्यात आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांचा वाटा मोठा. तेव्हा शेवगावकरांनो, नगरपरिषदेच्या लेखापरीक्षणाचा अहवाल एकदा मागून बघा. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत 30 दिवसांची.