सर्पगंधेपासून क्लोरप्रोमझीनपर्यंत : औषधबदलाचा एक दुर्लक्षित इतिहास

मनोविकारांवरील औषधांच्या इतिहासात गुणांची नोंद सापडते. औषध बदलताना रोग्याने काय सोसले, याची क्वचितच. सर्पगंधेच्या मुळीचा उन्मादावरील उपयोग गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमझीनचा मनोरुग्णांवर उपयोग झाला. रेसर्पिनने काहींस खिन्नता येई. हातांचा कंप व अंगाचा ताठरपणा दोहोंतही आढळे.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात हा प्रश्न अधिक बिकट होतो. जुन्नरहून पुणे सुमारे ९० किलोमीटर. नव्या औषधाचा पूर्ण गुण येण्यास कित्येक आठवडे लागतात. उपद्रव मात्र पहिल्या काही दिवसांतच जाणवू शकतात. मधल्या काळात घरची माणसे कंपालाच रोग समजली, तर गोळ्या बंद होतात आणि मूळ विकार उलटतो. म्हणून जुने औषध वैद्याच्या देखरेखीखाली क्रमाक्रमाने कमी करणे व उपद्रवांची पूर्वकल्पना देणे, हा उपचाराचाच भाग होय. या प्रदेशाचा वैद्यकीय इतिहास लिहावयाचा, तर रुग्णालयाच्या दप्तराबरोबरच घरात काढलेल्या त्या आठवड्यांचाही शोध घ्यावा लागेल.