योहानाचे हात

न्यूरेंबर्ग नगरात एका सोनाराच्या पोटी १४७१ साली जन्मलेल्या आल्ब्रेख्त ड्यूररने बापाच्या दुकानात बसून जी कोरणी हाती धरली, तिच्याच बळावर त्याने १५०७ पासून ख्रिस्ताच्या यातनांची तळहाताएवढ्या मुद्राचित्रांची माला तांब्यावर कोरली. आणि या मालेतील शोक समजून घ्यावयाचा तर चेहऱ्यांच्या आधी रेषेकडे पाहावे, असे माझे मत आहे.

तांब्यावर हात सैल सोडता येत नाही. कोरणीची मूठ तळव्यात धरून ती पुढे रेटावी लागते, वळण हवे असल्यास चामड्याच्या उशीवरचा पत्राच फिरवावा लागतो, आणि बारीक निघालेली रेषा जोराबरोबर मध्ये फुगून पुन्हा निमुळती होत संपते. त्या चरीत शाई भरून, पत्रा पुसून, वर ओलसर कागद दाबला म्हणजे कारागिराच्या हाताचा तो जोर जसाच्या तसा कागदावर उमटतो. अशा कठीण माध्यमात आवेग आवरूनच धरावा लागतो. १५०८ च्या गेथशेमाने बागेतील प्रार्थनेच्या चित्रात ख्रिस्ताने दोन्ही बाहू वर फेकले होते. १५११ च्या वधस्तंभाच्या चित्रात मात्र खाली उभ्या असलेल्या शिष्य योहानाने बोटांत बोटे गुंतवून हात पिळले आहेत, आणि त्याच्या जड वस्त्राच्या चुण्यांत रेषांवर रेषा दाटत गेल्या आहेत. त्या फेकलेल्या बाहूंपेक्षा हे आवळलेले हात मला अधिक विदारक वाटतात. कारण ज्याला काहीच करता येत नाही, त्याचे दुःख त्यांत साठले आहे.

गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० साली फत्तेपूर सिक्रीस अकबराच्या दरबारी रुजू झाले, आणि युरोपातील मुद्राचित्रे मुघल चित्रकारांच्या नजरेखालून जाऊ लागली. पुढे ज्याला जहांगीर बादशहाने ‘नादिर-उझ-झमान’ हा किताब बहाल केला, त्या अबुल हसनने ड्यूररच्या त्या वधस्तंभाच्या चित्राची नकल करताना वधस्तंभ वगळला, ख्रिस्ताची आई मरिया वगळली, आणि एकटा योहान तेवढा घेतला. कोरणीची कडक रेषा त्याच्या कलमाखाली मवाळ झाली, पण पिळलेले हात त्याने राखले. हिजरी १००९ मधील तो कागद आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे, आणि चित्र काढले तेव्हा आपण तेराव्या वर्षात होतो, अशी नोंद अबुल हसनने त्यावरच करून ठेवली आहे.